जुनी पेटी सोडायची असेल तर महालातलं हे दुकान

पेटी, म्हणजे हार्मोनियम, विकायची आहे, पण ती वाजवणाऱ्याच्याच घरी गेली पाहिजे, अशी ज्यांची अट असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नागपुरात, महाल भागात बडकस चौकाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये हार्मोनियम दुरुस्तीचं एक छोटंसं दुकान आहे. पाटीवरचं नाव ऊनपावसाने पार पुसलं गेलंय, पण आजूबाजूला कुणालाही ‘पेटीवाले काका’ विचारा, नेमकं दार दाखवतात. दुरुस्ती हा त्यांचा मूळ धंदा. सोबत जुन्या पेट्या ठेवून घेतात, नीट करतात आणि त्यांना गिऱ्हाईक बघून देतात. माझी पेटी मी त्यांच्याच हवाली केली, आणि आता कुणी पेटी द्यायची म्हणालं की आधी तिथे जा असंच सांगते.

पेटी काय होती हे कळल्याशिवाय काम किती नीट झालं ते कळायचं नाही, म्हणून तिच्याबद्दल आधी. 1991 साली इतवारीतून घेतलेली. सागवानी, साडेतीन सप्तकांची, म्हणजे 42 पट्ट्या. दोन सुरांची, म्हणजे प्रत्येक पट्टीला हवेने थरथरणाऱ्या दोन पितळी जिभा, खालच्या आवाजाचा खर्ज आणि त्याच्या वरचा नर. एक पट्टी दाबली की जोडीची दुसरी वाजवणारा कप्लर नाही, पट्ट्या सरकवून सा बदलणारा स्केल चेंजर नाही. सूर पालिताण्याचे. गुजरातेतलं पालिताणा बाकी जगाला शत्रुंजयाच्या जैन मंदिरांमुळे ठाऊक, पण पेटीवाल्यांसाठी ते सुरांचं गाव आहे. जर्मन सुरांची पेटी तेव्हा माझ्या पगारात बसणारी नव्हती आणि पुढेही मला तिची कधी उणीव भासली नाही. माझ्या पेटीचा आवाज उघडा होता, खणखणीत होता. शाळेच्या पटांगणात शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

मी शाळेत संगीत शिकवायचे. सकाळी प्रार्थनेला पेटी, मग वर्गांवर पेटी, आणि संध्याकाळी घरी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. कितीतरी मुलांनी ‘सा’ म्हणजे काय हे त्याच पेटीवर बोट ठेवून शिकून घेतलं. त्यांच्या बोटांनी मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्या झिजून किंचित खोलगट झाल्या होत्या. डोळे मिटून हात ठेवला तरी आपण कुठे आहोत ते मला कळायचं.

मग डाव्या खांद्याचं दुखणं निघालं. शस्त्रक्रिया झाली, हात वर जातो, केस विंचरता येतात, पण भाता मारायची ती सततची हालचाल खांदा सोसत नाही. मुलगी म्हणाली, ‘आई, भाता मी मारते, तू वाजव.’ काही संध्याकाळी आम्ही दोघींनी तसं केलंही, आणि तिची ती माया मी विसरणार नाही. पण पेटी अशी दोघांत वाटता येत नाही. सूर कुठे फुगवायचा, कुठे हळूच मागे घ्यायचा, ओळ संपताना हवा किती शिल्लक ठेवायची, हे सगळं डाव्या हातात असतं. उजवा हात नुसता स्वर दाखवतो, त्यात श्वास भरतो तो भाता. माझा श्वास दुसऱ्याच्या हातून येईना.

घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं की राहू दे नं, आठवण म्हणून राहू दे, दिवाणखान्यात छान दिसेल. मला ते पटलं नाही. न वाजवलेली पेटी जागच्या जागी मरते. कातडं वाळतं, पट्ट्यांखालच्या लोकरी बनातीला कसर लागते, सुरांवर धूळ आणि काळपटपणा चढतो. त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर, लाकूड आक्रसतं आणि सांधे उघडतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकायला लागतात. रोज हात फिरत असेल तर बारीकसारीक बिघाड त्याच दिवशी लक्षात येतो. काचेच्या कपाटात ठेवलेल्या पेटीचं काय बिघडलं हे तिच्यावर कुणी बोट ठेवेपर्यंत कळतच नाही. जिने एवढ्या मुलांना गायला लावलं, तिला मुकं करून मिरवायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं.

आधी मी बर्डीवरच्या एका मोठ्या दुकानात विचारून आले. त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. नवीन पेटी घेत असाल तर जुनीचे सहा हजार वळते करू, म्हणाले. मला नवीन पेटी घ्यायचीच नव्हती. मोबाइलवर जाहिरात टाकली तर दिवसभर ‘लास्ट किती’ एवढंच. एका गृहस्थांना ती आपल्या कॉफीच्या दुकानात भिंतीवरच्या फळीवर मांडायची होती, शोभेला. पैसे बरे देत होते. मी नाही म्हटलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मग या काकांचं नाव सांगितलं.

दुकान म्हणजे एका जुन्या वाड्याच्या ओसरीवरची खोली. आत शिरताच सरस, पितळ आणि जुन्या सागाचा एकत्र वास येतो. फळ्यांवर पेट्या, काही पोट उघडून ठेवलेल्या, खिळ्यांना भात्यांचे सांगाडे टांगलेले. भिंतीवर पं. मनोहर चिमोट्यांचा फोटो आहे. चिमोटे मूळचे आपल्या नागपूरचे. पेटीला स्वरमंडळाच्या तारा जोडून तिला संवादिनी म्हणून मैफलीत स्वतंत्रपणे वाजवलं ते त्यांनी. तो फोटो बघून मला निम्मा धीर आला.

काकांनी पहिल्यांदा पेटीला नाही, मला विचारलं. कोण वाजवायचं, कुठल्या पट्टीत, रोज की सणावारी, कुठे ठेवायचे, का देता. सगळं ऐकून घेतलं आणि मग पेटी पुढ्यात ओढली. सगळ्या खुंट्या, म्हणजे सुरांकडे हवा सोडणाऱ्या दांड्या, बंद केल्या, भाता मारून पोटातला भाता पूर्ण भरला आणि हात काढून घेतला. पेटी हवा किती वेळ धरते ते असं बघतात. निरोगी पेटीत पोटातला भाता हळूहळू रिकामा होतो. माझ्या पेटीचा लवकर झाला. काका म्हणाले, ‘ताई, भाता थकला जी. सूर चांगले आहेत, पण हवा सोडून राहिली.’ मग एकेक पट्टी दाबून, कान अगदी लाकडाला लावून त्यांनी सगळी पेटी ऐकली. आधी खर्ज एकटा, मग नर एकटा, मग दोन्ही. मध्येच एका वहीत खुणा करत होते. कुणी माझ्या पेटीकडे इतक्या लक्षपूर्वक बघतंय हे पाहूनच मला भरून आलं.

नंतर त्यांनी ती उघडली. माझ्यासमोर उघडली, हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ ठिकाणी ‘ठेवून जा, उद्या या’ म्हणतात आणि आतले सूर बदलले गेले की काय अशी धास्ती माणसाला राहते. काकांनी जाळी काढली, पट्ट्यांची चौकट उचलली, खालची सुरांची पाटी उलटी करून उजेडात धरली. इतकी वर्षं जिच्यावर हात फिरवला तिचं पोट मी पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन रांगांत पितळेचे सूर, प्रत्येकाला दोन स्क्रू, खर्जाच्या जिभा लांब आणि रुंद, तार सप्तकाकडे जाता जाता नखाएवढ्या होत गेलेल्या. मधल्या काळी दोनचा, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा, नर बरेच दिवस कुरकुरत होता. काकांनी भिंग लावून दाखवलं, जीभ आणि तिच्या खाचेची कड यांच्यामध्ये पांढरा कण अडकला होता. खडूचा. शाळेचा फळा आणि माझी पेटी एवढी वर्षं एकाच खोलीत राहिली त्याची ती खूण. त्यांनी पातळ पोलादी पत्ती जिभेखाली सरकवून कण अलगद मोकळा केला, मऊ ब्रशने झाडला आणि पाटी परत बसवून ती पट्टी मला वाजवायला लावली. सूर स्वच्छ आला. त्या कणाला मी कागदाच्या पुडीत घालून घरी आणलं, पेटीतलं तेवढंच मी माझ्याकडे ठेवलं आहे.

काय करायचं आणि काय करायचं नाही, हे त्यांनी फार नीट सांगितलं. भात्याचं कातडं जागोजागी पापडासारखं कडक झालं होतं, ते पूर्ण बदलायचं. पट्ट्यांखालची बनात बदलायची. दोन स्प्रिंगा गंजल्या होत्या, त्या बदलायच्या. सूर मात्र एकही बदलायचा नाही. मी विचारलं, वरून पॉलिश करून घेऊ का, गिऱ्हाइकाला बरं दिसेल. काका म्हणाले, ‘कायले ताई? घेणाऱ्याले लाकूड दिसू द्या नं. पॉलिशखाली काय लपवलं, असंच त्याले वाटते.’ झिजलेल्या पट्ट्यांनाही हात लावायला ते तयार नव्हते. ज्याला वाजवता येतं तो अशा पट्ट्या बघून खूश होतो, म्हणाले.

आणखी एक. पालिताण्याचे सूर जर्मन म्हणून खपवणारे लोक असतात. अंगावर जुना शिक्का वगैरे दिसला की भाव दुप्पट. काका पेटीसोबत एक चिठ्ठी देतात. सूर कुठले, किती, काय बदललं, सूर कधी लावले, आणि कुठली खोड शिल्लक आहे, सगळं त्यात लिहितात. माझ्या चिठ्ठीवर ‘मंद्रातला शेवटचा खर्ज किंचित उशिरा बोलतो’ असंही लिहिलं होतं. विकायच्या वस्तूची खोड कागदावर लिहून देणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता सुरांबद्दल, कारण या दुकानाची खरी किंमत मला इथे कळली.

पेटीचे सूर ठरलेले. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळे कुठूनही ‘सा’ धरता येतो, पण त्यापायी काही स्वर थोडे सरकतात. सप्तक 1200 बारीक भागांचं, म्हणजे सेंटांचं, धरलं तर तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार 386 च्या आसपास असतो, आणि पेटीचा 400 वर. कान तयार झाला की हे 14 सेंट टोचायला लागतात. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेता येत नाही आणि तिचे स्वर असे बांधलेले असतात, म्हणूनच तर आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. ती सैल व्हायला 1971 उजाडलं. यावर वाजवणाऱ्यांनी काढलेला जुना उपाय म्हणजे आपल्या पट्टीपुरता गंधार उतरवून घेणं. माझी पट्टी, म्हणजे मी सा धरते ती जागा, काळी चार. तिचा गंधार येतो पांढरी एकवर. घेतल्यानंतर वर्षभरातच मी एका जुन्या कारागिराकडून माझ्या पेटीतल्या सगळ्या पांढऱ्या एक, खर्ज आणि नर दोन्ही, उतरवून घेतल्या होत्या. म्हणजे ती पेटी माझ्या गळ्याला शिवलेली होती.

मला वाटलं होतं, विकताना हे सगळं पुसून सरसकट सारखं लावून टाकतील. काकांनी ते करायला साफ नकार दिला. सूर लावणं म्हणजे कानशीने पितळ घासणं. जिभेच्या टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो, आणि दोन्ही वेळा थोडं पितळ कायमचं जातं. पुन्हा पुन्हा घासलेली जीभ पातळ होऊन एक दिवस तुटते. काका म्हणाले, ‘घेणारा कोण्या पट्टीत गाते ते समजू द्या. मग लावू. आत्ताच घासून काय करता?’ म्हणून पेटी भाता-बनात करून तयार राहिली, पण सूर तसेच राहू दिले. माझी पट्टी तिच्यात तशीच होती.

बघायला लोक आले. काका प्रत्येकाला सांगत, आधी वाजवा. एका साहेबांना मुलासाठी हवी होती आणि मुलगा सोबतच नव्हता. त्यांना काकांनी सरळ एक नवी, हलकी, शिकाऊ पेटी सुचवली. त्यात काकांचा काही फायदा नव्हता, ती त्यांच्याकडे विकायलाही नव्हती. मला फोनवर म्हणाले, ‘पैसे देणारे बहुत येतात ताई. वाजवणारा येऊ द्या.’

तो आला काटोलकडून. विशीतला मुलगा, घरी संत्र्याची थोडी बाग, इथे नागपुरात कॉलेज. गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते, तिथे पेटीवर बसतो. आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी भजनाचं वेड गावोगाव आहे आणि त्या खंजिरीला सूर धरून द्यायला पेटी लागतेच. मंडळाची पेटी मंडळाच्या खोलीत कुलपात राहते, त्याला रियाजाला स्वतःची हवी होती. विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोघांची इच्छा असेल तर काका भेट घालून देतात. मी हो म्हणून ठेवलं होतं.

मुलगा आधी पाया पडला, मग म्हणाला, ‘काकू, मी काळी एकमध्ये गातो. मोठ्या आवाजात गायचं असते नं, मंडळात.’ माझ्या पोटात गोळा आला. काळी एकचा गंधार पांढरी चारवर, आणि माझी उतरवलेली पांढरी एक त्याला अडणार, असं वाटलं. काका काही बोलले नाहीत, नुसतं ‘वाजव’ म्हणाले.

त्याने काळी एकवर सा धरला, जरा वेळ नुसता धरून ठेवला, डोळे मिटले, आणि यमन घेतला. नि रे ग. काळी एकचा शुद्ध निषाद कुठे येतो? पांढरी एकवर. माझ्या गंधारावर. शुद्ध निषादही पेटीपेक्षा बारा सेंटांनी खालीच गोड लागतो, आणि माझी पांढरी एक उतरलेली होती चौदाने. दोन सेंटांचा फरक. तो निषाद असा काही लागला की मुलाने हात थांबवून काकांकडे पाहिलं. ‘हा नि कसा काय इतका गोड आहे?’ काकांनी माझ्याकडे बोट केलं. मी त्याला सांगितलं, तो माझा गंधार आहे बाळा, 1992 पासूनचा.

काकांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं मला आता वाटतं. त्यांच्या वहीतल्या खुणा त्यासाठीच असणार. पांढरी एक त्यांनी तशीच ठेवली. त्या मुलाच्या गंधारासाठी पांढरी चार तेवढी उतरवली, आमच्या दोघांच्या समोर बसून. इलेक्ट्रॉनिक तंबोरा काळी एकवर लावला, कूलर बंद केला, कारण त्याच्या घरघरीत, दोन सुरांत फरक असला की उठणाऱ्या लाटा ऐकू येत नाहीत आणि त्याची ओल लाकडाला चांगली नाही. दोन-चार हात कानशी, बसवायचं, ऐकायचं, पुन्हा काढायचं. नर लागला की खर्ज, कारण दोन्ही बरोबर उतरले नाहीत तर आवाज थरथरतो. प्रत्येक वेळी काका मुलाला विचारायचे, ‘बसला काय?’ स्वतःच्या कानावर नाही, त्याच्या कानावर सोडून देत होते. उन्हाळ्याचे दिवस, खोलीत वारा नाही, तिघं घामाने भिजलो होतो, पण घाई कुणालाच नव्हती. माझ्या काळी चारला ती पट्टी धैवत लागते. तोही उतरल्यावर गोडच झाला होता. मी उजव्या हाताने एकदा वाजवून पाहिला, भाता त्या मुलाने मारला.

मग तो भजनाच्या अंगाने थोडं वाजवत बसला. भाता मारण्याची त्याची पद्धत माझ्याहून वेगळी आहे. मी लांब, हळू दाब द्यायचे, तो छोटे छोटे झटके देतो, खंजिरीच्या ठेक्यावर. नवीन कातडं त्याला छान साथ देत होतं. माझ्या पेटीतून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वाईट वाटलं, रडूही आलं, ते मी लपवलं नाही. पण ती योग्य हातात गेली याबद्दल तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. जुन्या साडीची शिवलेली गवसणी मी त्याला सोबत दिली. कूलरसमोर ठेवू नकोस, वाजवून झाली की खुंट्या बंद कर, प्रवासात सरळ ठेव, एवढं सांगितलं. दुपट्ट्याने बांधून बसने नेतो म्हणाला, तर काकांनी त्याला लाकडी खोका दिला, परत आणून देण्याच्या बोलीवर.

आता व्यवहार, कारण वाचणाऱ्याला तो कळायला हवा. पेटी 15,000 रुपयांना गेली. काकांची दलाली दहा टक्के, म्हणजे 1,500. भाता, बनात, स्प्रिंगा आणि सूर मिळून 3,500. माझ्या हातात 10,000 आले. दुरुस्तीचे पैसे आधी मागितले नाहीत, विक्रीतून कापून घेतले. मुलाने अर्धे पैसे रोख दिले आणि उरलेले संत्र्याचं आंबिया बहाराचं पीक निघाल्यावर द्यायचं ठरलं. त्याची जबाबदारी काकांनी स्वतःवर घेतली आणि मला मात्र सगळी रक्कम त्याच आठवड्यात दिली. हे कुणाच्याही बाबतीत करतात असं समजू नका, त्या मुलाला ते ओळखत होते. जास्त पैसे मिळाले असते का? कदाचित. थोडी थांबले असते, पॉलिश मारलं असतं, चिठ्ठीवर खोड लिहिली नसती तर मिळाले असते. मला ते नको होते.

उणिवाही सांगते. दुकानापर्यंत चारचाकी जात नाही. पेटी जड असते, त्यामुळे चौकातून ऑटो करा किंवा सोबत कुणी तरी घ्या. काका सूर लावत असले की फोन उचलत नाहीत, आणि ते बहुतेक वेळ सूरच लावत असतात. दिलेली तारीख पाळतीलच असं नाही. माझं भात्याचं काम सांगितलेल्या वेळेपेक्षा बरंच लांबलं, कारण हवं तसं कातडं मिळेपर्यंत ते थांबले. ज्यांना घर बदलायच्या आत पेटी मोकळी करायची आहे त्यांची इथे अडचण होईल. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. बसायला एकच स्टूल आहे, वयस्कर माणसाला त्रास होतो. आणि पेटी सोडून ते दुसऱ्या कशालाही हात लावत नाहीत. तबला, सतार, कीबोर्ड घेऊन जाऊ नका. बोलणं थोडं तुटक आहे, पहिल्या भेटीत काही लोकांना ते रागीट वाटतात. मला तसं वाटलं नाही, पण माझ्या यजमानांना वाटलं.

घेणाऱ्यांसाठीही दुकान चांगलं आहे. फळीवर जुन्या पेट्या थोड्याच असतात, पण प्रत्येकीची चिठ्ठी वाचायला मिळते आणि हवा तेवढा वेळ वाजवू देतात. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा सूर तपासून देतात, त्याचे पैसे नाहीत. तो काटोलचा मुलगा दिवाळीनंतर पेटी घेऊन आला होता, तेव्हा काकांनी मला फोन लावून दिला. पट्ट्या अडकल्या नाहीत, मंद्रातला खर्ज अजून उशिराच बोलतो, आणि मंडळातल्या दोन लहान मुली आता त्याच्याकडे शिकायला बसतात, असं तो म्हणाला. त्यांची पट्टी काळी चार आहे का, ते मी त्याला बघायला सांगितलं आहे. असली तर पांढरी एकला कुणालाही हात लावू देऊ नकोस म्हटलं.

जायचं असेल तर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत टाळा. गणपती, नवरात्र आणि भजनी मंडळांच्या पेट्यांनी खोली भरलेली असते आणि काकांना मान वर करायला फुरसत नसते. थंडीत जा, सकाळी अकरानंतर. पेटी झाडून-पुसून नेऊ नका, आहे तशी न्या. आणि जिने ती वाजवली किंवा ज्याने वाजवली, ते माणूस हयात असेल, हिंडतंफिरतं असेल, तर त्यालाच सोबत न्या. काकांचे निम्मे प्रश्न त्याच्यासाठी असतात.